२,१४,७४,८३,६४७ : निरुपयोगी ठरवलेल्या संख्येची गोष्ट

एखाद्या पतसंस्थेने सभासदांची यादी नव्याने संगणकात भरून घेतली. नावे बरोबर, पत्ते बरोबर. पण मोबाइल नंबरांचा रकाना पाहावा तर वरपासून खालपर्यंत सगळ्यांचा नंबर एकच : २१४७४८३६४७. हा कोणाचा खोडसाळपणा नव्हे. तक्ता आखणाऱ्याने फोन नंबर हा साधा पूर्णांक मानला, तिथेच घोळ झाला. भारतातले मोबाइल नंबर दहा अंकी असतात आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात. म्हणजे संख्या म्हणून वाचला तर प्रत्येक नंबर सहाशे कोटींच्या आसपास किंवा त्याच्या पुढेच जातो. ‘मायएसक्यूएल’ या प्रचलित डेटाबेसमध्ये साध्या पूर्णांकाच्या रकान्यात २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ याच्या वर काही मावत नाही. कडक तपासणीचा पर्याय बंद असेल तर डेटाबेस काम थांबवत नाही. मावेल तेवढी सर्वांत मोठी संख्या लिहितो आणि पुढे जातो.

संगणकाच्या धंद्यात असलेल्यांना ही संख्या पाठ असते. तिच्याशी त्यांची गाठ पडते ती बहुधा काहीतरी बिघडल्यावर. गणितज्ञ मात्र संगणक जन्माला येण्याच्या किमान तीनशे वर्षे आधीपासून तिच्या मागे लागले होते, आणि तेही अगदी वेगळ्या कारणासाठी.

तिची घडण सोपी आहे. २ ला २ ने गुणत जायचे, असा २ चा ३१ वा घात काढायचा आणि त्यातून १ वजा करायचा. बुद्धिबळाच्या पटाची जुनी गोष्ट घेतली तर पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार अशी ३१ घरे भरली की पटावर नेमके २,१४,७४,८३,६४७ दाणे होतात आणि बत्तिसाव्या एकट्या घरात त्याहून एक दाणा जास्त लागतो. संगणक वापरतो त्या द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ यांनी लिहायच्या पद्धतीत, ही संख्या ओळीने ३१ एक्के मांडून लिहितात. आपल्याकडे ९९९ च्या पुढे गेले की अंकांची संख्या वाढते. द्विमान पद्धतीतल्या या एकतीस एक्क्यांचेही तसेच आहे.

प्राचीन ग्रीकांना अशा संख्यांचे वेड होते ते परिपूर्ण संख्यांमुळे. स्वतःला सोडून बाकी सगळ्या विभाजकांची बेरीज करावी आणि ती संख्या स्वतःच परत मिळावी, तर ती परिपूर्ण संख्या. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे विभाजक १, २, ४, ७, १४, बेरीज २८. त्यानंतर येतात ४९६ आणि ८१२८. युक्लिडने आपल्या ग्रंथाच्या नवव्या भागात अशा संख्या मिळवण्याची रीत दिली आहे. २ च्या एखाद्या घातातून १ वजा करून मूळ संख्या मिळाली, तर तिला २ च्या त्याच्या आधीच्या घाताने गुणावे. गुणाकार परिपूर्ण येतो. ४ गुणिले ७ बरोबर २८. १६ गुणिले ३१ बरोबर ४९६. त्यामुळे परिपूर्ण संख्यांचा शोध शेवटी एकाच प्रश्नावर येऊन थांबला : २ च्या घातातून १ वजा केल्यावर मूळ संख्या केव्हा मिळते?

यासाठी घातांक स्वतः मूळ असावा लागतो. तो २ गुणिले ३ असा फोडता आला तर संख्याही फुटते. २ चा सहावा घात वजा १ म्हणजे ६३, त्याला ३ नेही भाग जातो आणि ७ नेही. मात्र घातांक मूळ असला म्हणजे काम झाले, असेही नाही. ११ ही मूळ संख्या, पण २ चा अकरावा घात वजा १ म्हणजे २०४७ आणि २०४७ म्हणजे २३ गुणिले ८९. हा सापळा सोळाव्या शतकातच लक्षात आला होता.

बोलोन्याच्या पिएत्रो काताल्दीने १६०३ मध्ये परिपूर्ण संख्यांवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. १७ आणि १९ या घातांकांच्या संख्या मूळ आहेत, हे त्याने मूळ संख्यांनी एकेक भागाकार करून दाखवले. त्याच्या पुढे मात्र त्याने २३, २९, ३१ आणि ३७ हेही घातांक बिनधास्त यादीत घातले. १६४० मध्ये फ्रेंच गणितज्ञ फर्माने २३ आणि ३७ या दोघांना बाद केले : पहिल्या संख्येला ४७ ने भाग जातो, दुसरीला २२३ ने. २९ ची विकेट स्विस गणितज्ञ लिओनार्ड ऑयलरने १७३८ मध्ये काढली. ती संख्या २३३ × ११०३ × २०८९ अशी फुटते. चारपैकी तीन दावे खोटे निघाले. उरला ३१.

मधल्या काळात, १६४४ मध्ये, पॅरिसमधल्या मारँ मर्सेन या धर्मगुरूने स्वतःची यादी छापली. २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ एवढेच चालतात, असे त्याने म्हटले. एवढ्या प्रचंड संख्या त्याने तपासल्या असण्याची शक्यताच नव्हती, आणि तपासणी पूर्ण झाली तीही १९४७ मध्ये. ६७ आणि २५७ चुकीचे निघाले; ६१, ८९ आणि १०७ त्याच्या नजरेतून निसटले होते. तरी या जातीच्या संख्यांना मर्सेनचेच नाव चिकटले. ३१ मात्र त्याच्या यादीतही होता. दोन याद्यांनी एकच अंदाज बांधला होता. सिद्धता कोणाकडेच नव्हती.

सिद्धता म्हणजे नेमके काय करायचे? एखादी संख्या मूळ नसेल, तर तिच्या वर्गमुळाच्या आतच तिचा एखादा मूळ विभाजक सापडतो. २,१४,७४,८३,६४७ चे वर्गमूळ ४६,३४० च्या थोडे पुढे आहे. तेवढ्या पल्ल्यात पावणेपाच हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. प्रत्येकीने दहा अंकी संख्येला कागदावर भागायचे म्हटले तर माणूस थकेल आणि चुका तर नक्कीच करील. ऑयलरने भागाकाराला बसण्याआधी चाळणी लावली.

पहिली चाळणी फर्माच्या शोधावर उभी होती. समजा, एखाद्या मूळ संख्येने आपल्या संख्येला निःशेष भाग जातो. मग तिने २ च्या ३१ व्या घाताला भागले की १ उरणार. २, ४, ८, १६ असे घात घेऊन त्यांना एका विषम मूळ संख्येने भागत गेले की बाक्यांचे एक चक्र तयार होते, आणि त्या चक्राची लांबी भाजक संख्येपेक्षा एकने लहान असलेल्या संख्येला नेहमी निःशेष भागते. २३ ने भागले तर बाक्या २, ४, ८, १६, ९, १८, १३, ३, ६, १२, १ अशा येतात. चक्र अकराचे, आणि ११ ने २२ ला भाग जातो. २३ हा २०४७ चा विभाजक ठरला तो यामुळेच. आपल्या प्रकरणात चक्र ३१ चे असायला हवे, कारण ३१ मूळ आहे आणि त्याहून लहान चक्र त्यात बसत नाही. म्हणजे विभाजकातून १ वजा केला की ३१ ने भाग जायला हवा. विभाजक विषम असल्यामुळे ६२ नेही जायला हवा.

दुसरी चाळणी वर्गांची. २ च्या ३१ व्या घाताला भागून १ उरत असेल, तर ३२ व्या घाताला भागून २ उरणार. पण ३२ वा घात म्हणजे ६५,५३६ चा वर्ग. एखाद्या वर्गाला विषम मूळ संख्येने भागून २ उरत असतील, तर त्या मूळ संख्येला ८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ७ येतेच, असा नियम आहे. दोन्ही अटी एकत्र केल्या की विभाजक दोनच साच्यांत बसतात : २४८ च्या पटीत १ मिळवून येणारे, किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवून येणारे.

आता ४६,३४० पर्यंत उरतात फक्त ३७२ संख्या. त्यांतल्याही बहुतेक सहज गळतात. २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने, ७४५ तर पाचाच्या पाढ्यातच आहे. सुरुवातीच्या दहा उमेदवारांत ३११ आणि १३०३ एवढ्याच मूळ संख्या आहेत. ३११ ने भागले तर ३५ उरतात. १३०३ ने भागले तर २२६. असे करत शेवटपर्यंत जायचे आणि एकदाही बाकी शून्य आली नाही, तर संख्या मूळ.

ऑयलरने हा निकाल १७७२ मध्ये बर्लिनला, योहान बेर्नुलीच्या घराण्यातल्या तिसऱ्या योहानला कळवला. तेव्हा ऑयलर पासष्ट वर्षांचा होता, सेंट पीटर्सबर्गमध्ये राहत होता आणि त्याची दृष्टी जवळपास पूर्ण गेली होती. उजवा डोळा तरुणपणीच अधू झालेला, डाव्यात मोतीबिंदू आणि त्याची शस्त्रक्रिया फसलेली. या काळातले त्याचे गणित मनात जुळायचे आणि मुलगा किंवा सहायक ते उतरवून घ्यायचे.

या संख्येतून आठवी परिपूर्ण संख्या मिळाली : २३०५८४३००८१३९९५२१२८. एकोणीस अंकी. इंग्रज गणिती पीटर बार्लो याने १८११ मध्ये संख्यासिद्धांतावरच्या आपल्या पुस्तकात तिच्याबद्दल लिहिताना ठाम भाकीत करून टाकले, की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही. त्याचे कारण मोठे मासलेवाईक होते. अशा संख्या फक्त कुतूहलाच्या, उपयोग शून्य. मग पुढची शोधायचा खटाटोप करील कोण?

भाकीत दोन्ही बाजूंनी फसले. खटाटोप करणारे निघाले. २ चा ५९ वा घात वजा १ या संख्येचा तेरा अंकी विभाजक ३२०३४३१७८०३३७ हा मूळ असल्याचे १८६७ मध्ये सिद्ध झाले आणि ऑयलरची संख्या मागे पडली. १८७६ मध्ये एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने २ चा १२७ वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे दाखवले. एवढ्या संख्येला भागत बसणे कोणाला शक्य नव्हते. ल्युकाची रीत विभाजक शोधत बसणे टाळते, आणि पुढे डेरिक हेन्री लेमर या अमेरिकन गणितज्ञाने ती १९३० मध्ये आणखी नेटकी केली.

ही रीत शाळेतल्या मुलालाही करून पाहता येईल. ४ पासून सुरुवात करायची. आलेल्या संख्येचा वर्ग करून २ वजा करायचे, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी तेवढी ठेवायची. घातांकापेक्षा दोनने कमी वेळा हे केल्यावर बाकी शून्य आली, तर संख्या मूळ. घातांक ५ असताना संख्या ३१. तीन वेळा करायचे. ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, त्याला ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी शून्य. ३१ मूळ. २,१४,७४,८३,६४७ साठी हेच २९ वेळा करावे लागते. ४, १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४ असे सुरू होऊन गाडी एकोणतिसाव्या पायरीला शून्यावर येते. ऑयलरच्या भागाकारांच्या जागी २९ गुणाकार.

याच कसोटीवर आजचे विक्रम उभे आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या म्हणजे २ चा १३,६२,७९,८४१ वा घात वजा १. तिच्यात ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंक आहेत, आणि ती या जातीतली बावन्नावी ज्ञात संख्या आहे. ऑयलरची आठवी होती.

आठवीचे एक वैशिष्ट्य मात्र पुढच्या चव्वेचाळीसांपैकी फक्त एकीकडे आहे. २ चा पाचवा घात वजा १ म्हणजे ३१. आणि ३१ हाच घातांक घेऊन पुन्हा तसेच केले की २,१४,७४,८३,६४७. म्हणजे मर्सेन मूळ संख्येच्या पोटी जन्मलेली मर्सेन मूळ संख्या. अशा दुहेरी संख्या आजवर चारच सापडल्या आहेत : ७, १२७, आपली ही, आणि ल्युकाची ३९ अंकी. मग तिसरी पायरी चढून पाहिली तर? २ चा २,१४,७४,८३,६४७ वा घात काढून १ वजा केला, तर ६४ कोटींहून जास्त अंकांची संख्या मिळते. ती लिहून काढायचा प्रश्नच नाही. तरी ती मूळ नाही हे पक्के ठाऊक आहे, कारण तिचा एक विभाजक सापडला आहे : २९५२५७५२६६२६०३१. तोही फर्माच्या साच्यातलाच. त्यातून १ वजा करून २,१४,७४,८३,६४७ ने भागले की १,३७,४९० येतात, बाकी काही राहत नाही. पाचापासून सुरू झालेली साखळी इथे तुटते.

बार्लोचा दुसरा दावा, निरुपयोगीपणाचा, संगणकांनी मोडून काढला. इलेक्ट्रॉनिक संगणक आले तेव्हा शास्त्रज्ञांना यदृच्छ संख्यांची फार गरज भासू लागली. अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनची वाट असो की रांगेतल्या गिऱ्हाइकांचा हिशेब, नशिबाच्या खेळाची नक्कल करायची तर लाखो फासे टाकावे लागतात. संगणक तर आज्ञाधारक. त्याला फासा टाकता येत नाही. लेमरने १९४९ मध्ये तोड सुचवली. एक संख्या घ्यायची, तिला ठरावीक गुणकाने गुणायचे, ठरावीक संख्येने भागायचे आणि बाकी ठेवायची. त्या बाकीला पुन्हा गुणायचे. येणाऱ्या बाक्या यदृच्छ भासतात.

भाजक मूळ असेल तर हे यंत्र उत्तम चालते. संयुक्त भाजकात धोका असतो. समजा भाजक ३२,७६७ घेतला, म्हणजे ७ × ३१ × १५१. मग सुरुवात ७ च्या पटीपासून झाली की कितीही गुणा, भागा, बाकी ७ च्या पटीतच अडकून पडते. बत्तीस बिटांच्या, म्हणजे ० किंवा १ यांच्या बत्तीस जागांच्या, यंत्रावर सहज मावणारी, मोठी आणि वर मूळ अशी संख्या हवी होती. ती ऑयलरने दोन शतकांपूर्वीच तपासून ठेवली होती. १९६९ मध्ये आयबीएमच्या सिस्टम ३६० या संगणकासाठी लुइस, गुडमन आणि मिलर यांनी २,१४,७४,८३,६४७ हा भाजक आणि ७ चा पाचवा घात, १६,८०७, हा गुणक घेतला. १ पासून निघाले की १६८०७, मग २८२४७५२४९, मग १६२२६५००७३, मग ९८४९४३६५८. ही ओळ २,१४,७४,८३,६४६ संख्या एकदाही न दोहरवता देते आणि मगच १ वर परतते. शून्य सोडले तर एकही बाकी गाळली जात नाही.

१९८८ मध्ये पार्क आणि मिलर या दोघांनी यदृच्छ संख्यांच्या वाईट रीतींवर टीका करताना हीच जोडी किमान दर्जाचा मापदंड म्हणून पुढे केली. कोणाही प्रोग्रामरला आपला प्रोग्राम तपासता यावा म्हणून त्यांनी एक खूणही दिली : १ पासून सुरू करून दहा हजारावी संख्या १०४३६१८०६५ यायला हवी. सी प्लस प्लस भाषेच्या प्रमाण ग्रंथालयात हे यंत्र आजही आहे आणि तीच खूण त्याच्या व्याख्येत लिहिलेली आहे. गुप्तलेखनासाठी ते चालत नाही. पुढची संख्या ओळखणे फार सोपे आहे, आणि आजचा संगणक अख्खी ओळ काही सेकंदांत संपवतो.

आता या संख्येची दुसरी ओळख : संगणकातल्या पूर्णांकांची वरची मर्यादा. बत्तीस बिटांच्या पूर्णांकात एक बिट चिन्हासाठी जातो, उरतात एकतीस. त्यांत मावणारी सर्वांत मोठी संख्या म्हणजे एकतीस एक्के. ती मूळ निघाली हा योगायोग आहे, कारण संगणकाच्या सगळ्या मापांना हे भाग्य लाभलेले नाही. आठ बिटांची मर्यादा १२७, मूळ. सोळा बिटांची ३२,७६७, संयुक्त. बत्तीस बिटांची आपली, मूळ. चौसष्ट बिटांची ९२२३३७२०३६८५४७७५८०७, तिला ७ ने दोनदा भाग जातो. १२८ बिटांची मात्र ल्युकाचीच ३९ अंकी मूळ संख्या.

मर्यादेवर पोचलेल्या संख्येत आणखी १ मिळवला तर काय होते? ९९९ मध्ये १ मिळवताना हातचा डावीकडे सरकत जातो. तसाच एकतीस एक्क्यांतून हातचा सरकत सरकत बत्तिसाव्या जागी जातो. ती जागा चिन्हाची. तिथे १ आला की संगणक संख्या ऋण समजतो. २,१४,७४,८३,६४७ अधिक १ बरोबर उणे २,१४,७४,८३,६४८, असे अजब उत्तर मिळते. बऱ्याच यंत्रांवर ते मुकाट्याने मिळते. चूक झाल्याची घंटा कुठे वाजत नाही.

साठ-सत्तरच्या दशकांत २१४ कोटींचा आकडा कुठल्याही मोजणीला भरपूर वाटे. आता तसे राहिलेले नाही. ‘गंगनम स्टाइल’ हे कोरियन गाणे यूट्यूबवर या आकड्याच्या घरात पोचले आणि डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबने आपला मोजक चौसष्ट बिटांवर नेल्याचे सांगितले. भारतात यूपीआयवरचे एका महिन्याचे व्यवहार नोव्हेंबर २०२० मध्ये २२१ कोटींवर गेले. म्हणजे महिन्याच्या व्यवहारांना एकेक क्रमांक द्यायचा तर बत्तीस बिटांचा पूर्णांक महिना संपायच्या आधीच भरला असता.

२०१५ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांबाबत एक आदेश काढला. विमानाचा वीजपुरवठा सलग २४८ दिवस चालू राहिला, तर जनित्रांच्या नियंत्रकांतला एक मोजक ओसंडतो, आणि चारही नियंत्रक एकाच वेळी चालू झालेले असतील तर विमानाची सगळी वीज एकदम जाऊ शकते. सेकंदाच्या शंभराव्या भागांत मोजत गेले तर २,१४,७४,८३,६४७ पूर्ण व्हायला २४८.५५ दिवस लागतात. हिशेब तंतोतंत जुळतो. ऑयलरच्या चाळणीतही २४८ होते, पण तो निव्वळ योगायोग. विमानांच्या या धोक्यावरचा तात्पुरता उपाय होता, ठरावीक काळाने वीज बंद करून पुन्हा सुरू करणे.

चूक दरवेळी एवढ्या मोठ्या यंत्रातच असते असे नाही. क्रमवार यादीत शोध घेताना मधला क्रमांक काढावा लागतो; त्यासाठी पहिल्या आणि शेवटच्या क्रमांकाची बेरीज करून निम्मी करतात. यादी शंभर कोटींच्या पुढची असेल तर ही साधी बेरीजच मर्यादा ओलांडते आणि मधला क्रमांक ऋण येतो. जावा भाषेच्या अधिकृत ग्रंथालयातली ही चूक जोशुआ ब्लॉक यांनी २००६ मध्ये उघड केली. तोवर ती वर्षानुवर्षे तिथे सुखाने नांदत होती.

सर्वांत मोठा प्रसंग अजून यायचा आहे आणि त्याची वेळ सेकंदापर्यंत ठरलेली आहे. युनिक्स आणि तिच्या वंशातल्या संगणकप्रणाली काळ मोजतात तो १ जानेवारी १९७० च्या जागतिक मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, असा. ही मोजणी बत्तीस बिटांच्या पूर्णांकात ठेवली तर ती ६८ वर्षे आणि थोडे दिवस पुरते. मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी ती २,१४,७४,८३,६४७ वर पोचेल. पुढच्या सेकंदाला जुन्या घडणीच्या यंत्रांत जागतिक वेळेनुसार तारीख होईल १३ डिसेंबर १९०१.

त्यासाठी २०३८ पर्यंत थांबावे लागतेच असेही नाही. मे २००६ मध्ये काही वेब सर्व्हर अचानक कोसळू लागले. त्यांत ‘कधीच मुदत संपू देऊ नका’ या अर्थाने शंभर कोटी सेकंदांची मुदत घातलेली होती, आणि १३ मे रोजी आजची वेळ अधिक शंभर कोटी सेकंद ही बेरीज मर्यादेपलीकडे गेली. पुढच्या तारखांचा हिशेब करणाऱ्या प्रत्येक कामाला हेच लागू होते. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता २०३८ नंतरच येतो.

मोठ्या संगणकांचा आणि नव्या फोनचा प्रश्न बहुतांशी सुटला आहे. ते काळ चौसष्ट बिटांत मोजतात आणि ती मोजणी २९ हजार कोटी वर्षांहून जास्त टिकेल. लिनक्सच्या गाभ्यातही २०२० मधल्या ५.६ या आवृत्तीपासून बत्तीस बिटांच्या यंत्रांना २०३८ ओलांडायची सोय झाली. काळजी आहे ती भिंतीत, खांबावर, तळघरात बसवलेल्या छोट्या नियंत्रकांची : मीटर, पंप, कारखान्यांतली यंत्रे, दारांची इलेक्ट्रॉनिक कुलुपे. ती एकदा बसली की पंधरा-वीस वर्षे कोणी उघडून बघत नाही, आणि त्यांतले सॉफ्टवेअर बदलायची सोय दरवेळी असतेच असे नाही. आज अशी खरेदी करणाऱ्या नगरपालिकांनी, कारखान्यांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी एक गोष्ट करारात लेखी मागून घ्यावी : हे यंत्र १९ जानेवारी २०३८ नंतरच्या तारखा लावून तपासले आहे काय? पुरवठादाराला ही तपासणी करायला घड्याळ पुढे करून पाहावे लागते, एवढेच.